गांजाचं तेल म्हणं… आणि आमची वही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर शेजारच्या वर्कशॉपमधला एकजण सगळ्यांदेखत मला म्हणाला, "काय गा, पोरीला गांजाचं तेल द्यायलायस म्हणं?" आणि गाड्यावरचे चारपाच जण एकदम गप्प झाले. मी म्हटलं व्हय, तिच्या फिटवर औषध म्हणून देतोय. आता रोज एकेकाला समजावून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून टाकावं म्हणून हे लिहायलोय. मी काय डॉक्टर नाही, लेथवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळं जे आमच्या घरात झालं आणि जे डॉक्टरांनी समजावलं तेवढंच.

मनू, म्हणजे आमची पोरगी, आता दहा वर्षांची आहे. सात महिन्यांची असताना तिला झटके सुरू झाले, म्हणजे झोपेतून उठली की मान आणि हात एकदम पुढं आपटल्यासारखे यायचे, एकामागं एक, दहा-पंधरा. आमच्या आईला वाटलं पोटात दुखतंय, गुटी उगाळून दिली. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढल्यावर कळलं ते वेस्ट सिंड्रोम, तान्ह्या बाळांना येणाऱ्या फिटचा एक गंभीर आजार. त्यावेळी इंजेक्शनं झाली, झटके थांबले, आम्हाला वाटलं सुटलो. चार वर्षांची झाली आणि पडायला लागली. उभी असायची आणि पायाखालची सतरंजी ओढल्यासारखी धाडकन खाली, हात पुढं घ्यायलाबी वेळ नाही. हनुवटीला टाके, भुवईवर टाके, पुढचे दोन दात गेले. परत ईईजी, मग नाव मिळालं लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम. यात एका प्रकारची फिट नसते, अनेक प्रकार असतात. झोपेत अंग ताठ होतं, मधेच टक लावून बघत बसते, आणि ही पडायची, तिला ड्रॉप अटॅक म्हणतात. बुद्धीची वाढबी मागं राहते. औषधं एकामागं एक झाली, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, क्लोबाझाम, लॅमोट्रिजिन. एखादं औषध सुरू केलं की पहिले दोन-तीन आठवडे बरं वाटायचं आणि मग परत तेच.

फिट आली की लोक काय काय सांगतात ते कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. कांदा फोडून नाकाला लाव, पायताण हुंगायला दे. एकदा महाद्वार रोडवर मनू पडली तर एका बाईनं खरंच पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, बिचारीचा हेतू चांगलाच होता, मी म्हटलं मावशी राहूदे, नुसतं कुशीवर वळवूया. तेव्हापासून स्केटिंगचं हेल्मेट घातल्याशिवाय तिला बाहेर नेत नाही.

ह्या तेलाचं पहिल्यांदा ऐकलं ते डॉक्टरांकडनं नाही, बायकोच्या मावसभावाकडनं. त्यानं ऑनलाइन एक बाटली मागवून दिली, आयुर्वेदिक, वर विजया लिहिलेलं. विजया म्हणजे भांग. ती बाटली घेऊन मी पुण्याला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो, मनूला दर सहा महिन्यांनी तिथं दाखवतो. पहाटेची एसटी सीबीएसवरनं, म्हणजे मध्यवर्ती स्टँडवरनं, मनू मांडीवर, बायकोच्या पर्समध्ये फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे, असा आमचा ठरलेला प्रवास. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, मागचं लेबल वाचलं आणि विचारलं, "मनूचं वजन किती?" २२ किलो. मग कागदावर हिशेब मांडला. ज्या डोसवर ह्या आजारात अभ्यास झालाय तो दिवसाला किलोमागं १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे मनूला कमीत कमी २२० मिलिग्रॅम. आणि ह्या अख्ख्या बाटलीत सगळं मिळून ५०० मिलिग्रॅम. म्हणजे सव्वा-दोन दिवसात बाटली संपली. आणि शिवाय आत टीएचसी, म्हणजे नशेचा भाग, किती आहे ते लेबलवर कुठंच नाही.

हे टीएचसी-सीबीडी प्रकरण मला तिथंच पहिल्यांदा नीट कळलं. एकाच झाडात दोन्ही असतात. नशा येते ती टीएचसीनं. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, त्यानं नशा येत नाही, आणि फिटवर जे औषध आहे ते शुद्ध केलेलं कॅनाबिडिऑल, एका मिलीत १०० मिलिग्रॅम. अमेरिकेत २०१८ साली ते लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्राव्हे ह्या दोन आजारांसाठी मंजूर झालं, २०२० ला ट्यूबरस स्क्लेरोसिस ह्या आणखी एका आजारातल्या फिटसाठी. म्हणजे प्रत्येक फिटवाल्या माणसासाठी हे नाहीच. गावाकडनं मला दोघांचे फोन आले, एकाच्या भावाला दारू सोडल्यावर फिट आलेली आणि एकाच्या सुनेला वर्षातनं एखादी येते, त्यांना मी तेच सांगितलं की बाबांनो तुमच्यासाठी नाही हे.

आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, त्यांचं म्हणणं एकच, "शिवरात्रीला आपण भांग पितोच की, मग औषधाला एवढा खर्च कशाला?" त्यांना सांगितलं की मामा, भांगेच्या पाल्यातबी टीएचसी असतं, पोरीला आधीच मेंदूचा त्रास आहे त्यात अजून नशेची भर कशाला. आणि कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा आणि चरस बसतात, नुसती पानं त्या व्याख्येच्या बाहेर आहेत, म्हणून भांग शिवरात्रीला दिसते. मामा म्हणाले म्हणजे सरकारला पण पानं औषधी वाटत्यात. काय बोलणार. तसं बघायला गेलं तर त्यांचं अगदीच चूक नाही, १८३९ च्या सुमारास कलकत्त्यात ओ'शॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरनं झटके येणाऱ्या तान्ह्या बाळाला ह्याच झाडाचा अर्क देऊन बघितल्याचं लिहून ठेवलंय. पण त्यावेळी दुसरं काही औषध नव्हतं आणि अर्कात काय किती हे मोजायची सोयबी नव्हती.

डॉक्टरांनी सुरू करायच्या आधी तीन गोष्टी बजावल्या. पहिली, हे जोडीला द्यायचं औषध आहे, चालू असलेल्या गोळ्यांपैकी एकबी आपल्या मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. दुसरी, लिव्हरची तपासणी सुरू करायच्या आधी, मग एक महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कारण व्हॅल्प्रोएट चालू असताना लिव्हरवर ताण येण्याची शक्यता जास्त. आणि तिसरी, वही. सुरू करायच्या आधी चार आठवडे रोज किती वेळा पडली ते लिहायचं. मी म्हटलं आम्हाला तोंडपाठ आहे डॉक्टर, रोज चार-पाच. ते म्हणाले, "तोंडपाठ नको, लिहून आणा."

तर वही सुरू झाली. दोनशे पानी, शाळेची. बायको रेघा मारायची, पडली की एक रेघ, पाच झाल्या की आडवी. चार आठवड्यात ११८. ही बेरीज बघून आम्ही दोघं थोडा वेळ कायच बोललो नाही, कारण रोजचे चार-पाच म्हणून सवय झालेली असते, ११८ म्हटलं की ते वेगळंच दिसतं.

औषध मिळवायला आठ दिवस गेले. राजारामपुरीतल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटीसुलटी वाचली, आत जाऊन फोन केला, बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला, मागवून देतो पण चिठ्ठीची झेरॉक्स लागेल. जसं काय मी बंदूक घ्यायला आलोय. किंमत लिहीत नाही, डोस वजनावर असतो त्यामुळं प्रत्येकाचा आकडा वेगळा. आमच्या घरात एवढंच झालं की गाडीचा हप्ता पुढं ढकलला आणि मी रविवारचा ओव्हरटाइम धरला.

पहिला आठवडा दिवसाला किलोमागं ५ मिलिग्रॅम, दोन वेळात वाटून. म्हणजे एका वेळी ५५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५५ मिली. मी दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन शंभरांश मिलिमीटर बघणारा माणूस, पण ती सिरिंज हातात घेतली आणि हात थरथरायला लागला. पाच मिलीच्या सिरिंजवर ०.५५ धड दिसत नाही, म्हणून एक मिलीवाली आणली. दुसऱ्या आठवड्यापासनं डोस दुप्पट, १.१ मिली, ते एक मिलीच्या सिरिंजमध्ये बसत नाही म्हणून दोनदा ओढायचं, आणि दुसऱ्यांदा ओढलं का नाही ह्यावरनं सकाळी सहा वाजता नवरा-बायकोत वाद. आईनं बाटलीचा वास घेतला आणि म्हणाली, "हे तर तिळाचं त्याल हाय की रं." तीळतेलातच विरघळवलेलं असतं ते, आईचं नाक बरोबर.

खाण्याचं एक महत्त्वाचं. हे औषध तुपातेलाच्या जेवणासोबत घेतलं तर रिकाम्या पोटापेक्षा तीन-चार पट जास्त अंगात उतरतं. त्यामुळं डॉक्टर म्हणाले कसंबी द्या, पण रोज एकाच पद्धतीनं द्या, आज उपाशीपोटी आणि उद्या तुपाबरोबर असं नको. आता आमच्या घरात गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध येतं, साय हाताएवढी जाड. ठरवलं की सकाळी एक वाटी सायीचं दूध आणि चपाती खाल्ल्यावर, रात्री तूपभात झाल्यावर. आईनं संकष्टीला मनूलाबी उपास घडवायचा प्रयत्न केला, त्यावरनं घरात जे झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मनू झोपायला लागली. म्हणजे नुसती सुस्ती नाही, दुपारी झोपली ती संध्याकाळी सातला हलवून उठवली तरी डोळे मिटलेलेच, घास तोंडात तसाच. मला वाटलं झालं, नशा आली, लोक म्हणत होते तेच खरं. रात्री दहाला डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी उचलला हे विशेष. त्यांनी विचारलं क्लोबाझाम किती चालू आहे, सकाळी ५ आणि रात्री १० मिलिग्रॅम. सकाळची गोळी निम्मी करा म्हणाले. कारण असं आहे की क्लोबाझाम अंगात गेल्यावर त्याचा एक दुसरा पदार्थ बनतो, तो लिव्हरच्या एका एन्झाइमनं मोडून बाहेर जातो, आणि कॅनाबिडिऑल नेमकं तेच एन्झाइम अडवून धरतं. मग तो पदार्थ रक्तात साचत जातो, तिपटीपर्यंत. मला शॉपमधलंच सुचलं, एका मशीनवर दोन ऑर्डरी एकदम लावल्या की एकीचा माल दाराशी तुंबणारच. गोळी कमी केल्यावर चार दिवसात पोरगी जागी झाली, पाचव्या दिवशी तिनं शेजारच्यांच्या मांजराला वाटीनं मारलं, म्हणजे पूर्ववत.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलंच, मग फरक कशानं पडतोय, तेलानं का त्या साचलेल्या क्लोबाझामनं? ते हसले. म्हणाले हा प्रश्न तज्ज्ञांनीबी विचारलाय, आणि युरोपात ह्या आजाराला मंजुरी देताना क्लोबाझामच्या जोडीनंच द्या असं म्हटलंय. क्लोबाझाम न घेणाऱ्या मुलांतबी काही फायदा दिसतो, पण जोडीत जास्त. सरळ उत्तर मिळालं नाही पण मला ते फसवं गुळगुळीत उत्तर देण्यापेक्षा बरं वाटलं.

महिन्याची तपासणी. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, आधी ३१ होता तो ९४ आला. मी गुगल केलं आणि रात्रभर झोपलो नाही. डॉक्टरांनी बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतं ते, बघितलं, ते नॉर्मल होतं, मग व्हॅल्प्रोएट थोडं खाली आणलं आणि दोन आठवड्यांनी परत रक्त. ५२. मनूला सुई बघून जे ओरडायचं ते ती ओरडलीच, लॅबवाला पोरगा मात्र सराईत, पहिल्या टोच्यात शीर सापडली. जुलाब झाले दहा-बारा दिवस, भूक कमी झाली, वजन २२ वरनं २१ वर आलं, तीन महिन्यांनी परत चढलं.

आणि आता मुद्द्याचं, वही. औषध सुरू झाल्यावरच्या पहिल्या चार आठवड्यांची बेरीज ६१. ११८ वरनं ६१! आम्ही अंबाबाईला जाऊन आलो, पेढे वाटले, उद्यमनगरात पण दिले, त्या चहाच्या गाड्यावाल्यालाबी दिले. मग एका रात्री मी सहज वही चाळत बसलो होतो आणि रोजच्या कामाची सवय म्हणून नजर एका जागी अडकली. मधले बारा दिवस आकडे एकदम खाली, ०, १, १, ०, २, १. त्याच्या आधी आणि नंतर ३, ४, ३, ३. त्या बारा दिवसात बायको गडहिंग्लजला होती, मामांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. वही आईकडं होती.

फौंड्रीच्या मालाला हे नेहमी होतं, जॉब एकच पण इन्स्पेक्टर दोन, की रिजेक्शनचा आकडा दोन. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आरं, नुसती मान पडली, भिताडाला टेकली, त्याला काय फिट म्हंत्यात व्हय? आन् पोरगी सुधरायलीया तर कशाला उगं रेघा वडायच्या?" तिचं खोटं लिहायचं मनात नव्हतं, तिला एवढंच वाटायचं की रेघ मारली नाही तर ती फिट खरी होणार नाही. मला रागबी आला आणि रडूबी आलं, कारण मी स्वतः दोनदा ऑफिसातनं फोनवर "आज किती?" विचारल्यावर कमी आकडा ऐकायला मिळावा म्हणून देवाचं नाव घेतलेलं.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी रागावायच्या ऐवजी एक आकडा सांगितला. २०१८ साली ह्या आजारावर २२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किलोमागं २० मिलिग्रॅम दिलेल्यांत पडायच्या फिट जवळजवळ ४२ टक्के कमी झाल्या, १० वाल्यांत ३७ टक्के. आणि ज्यांना औषध नसलेलं नुसतं तसंच दिसणारं द्रावण दिलं होतं त्यांच्यातबी १७ टक्के कमी. काहीच औषध नसताना १७ टक्के! म्हणजे आशेनं फिट कमी दिसतात, आणि आपण औषध सुरू करतो तेच मुळात सगळ्यात वाईट दिवसात, त्यानंतर थोडं तरी बरं होणारच असतं. आमची आई काय वेगळी नव्हती, जगभरच्या आया तेच करत होत्या.

मग नियम ठरला. पडली, किंवा धरली नसती तर पडली असती, किंवा खुर्चीत कोलमडली आणि डोकं आपटलं असतं, तर रेघ. नुसतं टक लावून बघणं वेगळ्या पानावर. शंका असली तर रेघेवर फुली. तिघांनीबी तेच. नवव्या ते बाराव्या आठवड्याची बेरीज आली ७८. म्हणजे ११८ ला ७८, तिसरा हिस्सा कमी. ६१ बघितल्यावर ७८ बघायला जीवावर आलं, पण हे ७८ आमचे खरे होते. झोपेतल्या ताठ व्हायच्या फिटमध्ये फारसा फरक नाही. शाळेत, म्हणजे तिच्या विशेष मुलांच्या शाळेत, बाई म्हणाल्या वर्गात जास्त वेळ जागी असते, डब्याचं झाकण स्वतः उघडते. ते तेलानं झालं का क्लोबाझाम कमी केल्यानं झालं ते मला सांगता येणार नाही.

डोस वाढवून किलोमागं १५ पर्यंत नेला होता, जुलाब परत सुरू झाले म्हणून परत १० वर आणला. जास्त घातलं की जास्त काम असं ह्यात प्रत्येक वेळी होत नाही.

पावसाळ्याचं एक सांगून ठेवतो कारण कोल्हापूरवाल्यांनाच ते कळंल. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्यात गेला तेव्हा मनूचं व्हॅल्प्रोएटचं सिरप संपत आलेलं आणि मी चार मेडिकल फिरलो, शेवटी पाचव्यात अर्धी बाटली मिळाली. २०२१ ला परत तेच. म्हणून आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटाकडं सरकायला लागली की मी धोक्याच्या ४३ ची वाट बघत बसत नाही, पुण्याला फोन करतो आणि एक जादा बाटली मागवून ठेवतो. हे तेल ऐनवेळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि एकदम बंद करायचं नाही हे आधीच सांगितलंय.

वही तिसरी चालू आहे आता. मधे आठ दिवस बायको आजारी होती आणि मी डबल शिफ्टला, परत वही आईकडं. मी रात्री येऊन उघडली तर रेघा होत्या, तीन, वेड्यावाकड्या, आणि खाली तिच्या चौथी शिकलेल्या अक्षरात लिहिलेलं, "आज ३. दुपारची एक म्या बघितली न्हाई, सैपाकात हुते, नुसता आवाज आला. फुली मारली."